आधी मुक्काम, मग गाडी: आजी-आजोबांसह आरव्हीतून यलोस्टोन

जूनमध्ये पुण्या-नाशकाहून आई-बाबा येतात, त्याच सुमारास मुलांच्या शाळा संपतात आणि अमेरिकेतल्या मराठी घरांत यंदा कुठे जायचं याची चर्चा सुरू होते. यलोस्टोनचं नाव निघालं की पाठोपाठ अडचणीही निघतात. बाबांना रात्रीचं जेवण आठाच्या आत आणि कमी तिखट लागतं. आईला वाटेत स्वच्छ संडास हवा असतो. धाकट्याची दुपारची झोप चुकली तर संध्याकाळ सगळ्यांनाच जड जाते. भाड्याने मिळणारी आरव्ही, म्हणजे स्वयंपाकघर, पलंग आणि संडास सोबत घेऊन फिरणारी गाडी, या सगळ्यावर फार चांगला तोडगा आहे. तीन पिढ्या एकत्र निघणार असतील तर मी तरी दुसरं काही सुचवणार नाही.

अट एकच. या सहलीची आखणी मोटारीच्या सहलीसारखी करायची नाही. मोटारीने जाताना आपण आधी बघायची ठिकाणं ठरवतो, मग रस्ता आणि शेवटी हॉटेल. आरव्हीत हा क्रम पूर्ण उलटा होतो. रात्री गाडी कुठे उभी राहणार हे पहिलं, त्या जागेत मावेल अशी गाडी दुसरी आणि रस्ता तिसरा. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबांची दमछाक होते ती बहुतेक वेळा हा क्रम चुकल्यामुळे.

उदाहरणासाठी सॉल्ट लेक सिटीहून निघून तिथेच परत येणारा फेरा घेऊ. जाताना आयडाहोतून, येताना वायोमिंगमधून, मध्ये यलोस्टोन आणि ग्रँड टीटन ही दोन राष्ट्रीय उद्यानं. एकूण अंतर उद्यानातल्या भटकंतीसह साधारण १,००० मैल. त्यासाठी नऊ-दहा दिवस हाताशी असावेत.

मुक्काम ठरवणे

यलोस्टोनच्या आत बऱ्याच कॅम्पग्राउंड आहेत, पण वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या तुमच्या जागेवरच मिळतात अशी एकच आहे: फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. या तिन्ही जोडण्या असल्या की त्याला फुल हुकअप म्हणतात. तो परिसर ग्रिझली अस्वलांचा आहे, म्हणून तिथे तंबूला किंवा कापडी भिंतींच्या गाडीला परवानगी नाही, फक्त टणक भिंतींच्या गाड्या चालतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर आधी याच ठिकाणाच्या तारखा शोधा आणि त्या जशा मिळतील तशी बाकीची सहल त्यांच्याभोवती बसवा. रात्री हीटर निर्धास्त चालतो, पाण्याची काटकसर करावी लागत नाही आणि ज्यांना झोपेत श्वासाचं मशीन लागतं त्यांचीही सोय होते.

फिशिंग ब्रिज, मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज आणि ब्रिज बे ही ठिकाणं यलोस्टोन नॅशनल पार्क लॉजेसच्या संकेतस्थळावर मिळतात आणि त्यांचं आरक्षण जवळपास वर्षभर आधी उघडतं. उद्यानातली बाकीची छोटी कॅम्पग्राउंड रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर असतात. तिथे तारखा बहुधा सहा महिने आधी खुल्या होतात आणि काही मिनिटांत संपतात. जागा संपल्या असं दिसलं म्हणून खचू नका. लोकांचे बेत बदलत राहतात, आणि निघण्याच्या आधीच्या महिनाभरात रोज सकाळी चहा घेताना एकदा संकेतस्थळ उघडून पाहिलं तर सुटलेल्या जागा हाती लागतात.

आरक्षण करताना तीन गोष्टी वाचून घ्या: जागेची लांबी किती, हुकअप कोणते, आणि जागा आरपार आहे की मागे घेत लावावी लागणारी. आरपार म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येणारी. नवख्या चालकाने पहिल्या दोन रात्री तरी आरपार जागाच घ्यावी. दिवसभर गाडी चालवून, अंधार पडत असताना, शेजाऱ्यांच्या देखत ३० फुटी गाडी मागे घेणं ही शिकायची वेळ नव्हे.

मी हा फेरा असा बसवेन. पहिली रात्र लाव्हा हॉट स्प्रिंग्ज, सॉल्ट लेकपासून जेमतेम १५० मैल. गाडी ताब्यात मिळायलाच दुपार होते, त्यामुळे पहिल्या दिवशी यापेक्षा जास्त अंतर ठेवू नये. शिवाय तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांना गंधकाचा वास येत नाही आणि विमानप्रवासाने आखडलेल्या आजीच्या गुडघ्यांना ते पाणी फार बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी आयडाहो फॉल्सवरून वेस्ट यलोस्टोन गावात. तिथे दोन रात्री, म्हणजे उद्यानाची पश्चिम बाजू, मॅडिसनपासून ओल्ड फेथफुलपर्यंत, तिथूनच बघून होते. मग तीन रात्री फिशिंग ब्रिज. पुढे दक्षिणेच्या दरवाज्यातून बाहेर पडून ग्रँड टीटनमधल्या कोल्टर बेला दोन रात्री. तिथेही फुल हुकअपचं आरव्ही पार्क आहे आणि जॅक्सन सरोवर चालत जाण्याइतकं जवळ. शेवटची रात्र बेअर लेकच्या काठी गार्डन सिटीत, आणि तिथून लोगनमार्गे सॉल्ट लेक.

आरव्हीत फिरणारी अमेरिकन मंडळी 'तीन-तीन-तीन' असा नियम सांगतात: दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी ३ पर्यंत मुक्कामावर, आणि एका जागी ३ रात्री. तीन पिढ्या असतील तर मी ३०० चे २०० करेन. दुपारी तीनला पोचण्याचा नियम मात्र जसाच्या तसा पाळा. उजेडात गाडी लावता येते, मुलांना खेळायला वेळ मिळतो आणि सूर्य मावळायच्या आत कुकरच्या शिट्ट्या होतात.

गाडी निवडणे

भाड्याच्या आरव्ही तीन प्रकारच्या. बससारखी दिसणारी क्लास ए, व्हॅनमध्ये बसवलेली क्लास बी आणि ट्रकच्या केबिनवर पलंगाचा बाक पुढे आलेली क्लास सी. कुटुंबासाठी क्लास सी घ्या. क्रूझ अमेरिका, एल मॉन्टे यांसारख्या कंपन्यांकडे याच गाड्या जास्त असतात, आणि आउटडोरझी किंवा आरव्हीशेअरवर लोक स्वतःच्या गाड्याही भाड्याने देतात. सर्वसाधारण ड्रायव्हिंग लायसन्सवर ही गाडी चालवता येते. चालकाच्या किमान वयाची अट कंपनीगणिक वेगळी असते, ती बघून घ्या.

जाहिरातीत 'सात जण झोपू शकतात' असं लिहिलेलं असतं. झोपायच्या जागा आणि सीट बेल्ट ही दोन वेगळी गणितं आहेत, आणि तुम्हाला आधी सीट बेल्ट मोजायचे आहेत. गाडी चालू असताना प्रत्येकजण बेल्ट लावून बसलेला हवा. आजी मागे पलंगावर आडवी पडली आहे आणि नातू ओट्याशी उभा राहून लाडू शोधतो आहे, हे चालत्या गाडीत अजिबात होऊ देऊ नका. लहान मुलाची कार सीट फक्त पुढे तोंड असलेल्या आसनावरच बसवता येते, आडव्या किंवा मागे तोंड असलेल्या बाकावर नाही. काही गाड्यांत जेवणाच्या टेबलापाशी असं एकच आसन असतं. म्हणून भाडं भरण्याआधी मालकाकडून आतल्या बैठकीचे फोटो मागवा.

झोपण्याचंही आधीच ठरवून टाका. केबिनवरचा पलंग शिडीने चढायचा असतो, तो मुलांचा. मागचा कायमचा पलंग आजी-आजोबांचा, कारण तो रोज घालावा-उचलावा लागत नाही आणि संडास दोन पावलांवर असतो. टेबल खाली करून होणारा पलंग तुम्हा दोघांचा. रात्री उठावं लागणाऱ्या माणसासाठी संडासाच्या वाटेवर बॅटरीवर चालणारा छोटा दिवा चिकटवून ठेवा.

लांबी २५ ते २८ फुटांच्या आसपास ठेवा. त्याहून मोठी गाडी आतून ऐसपैस वाटते, पण उद्यानातल्या पार्किंगमध्ये तिची जागा मिळत नाही. सहाहून जास्त माणसं असतील, किंवा भावाचं कुटुंबही येणार असेल, तर मोठी आरव्ही घेण्यापेक्षा एक आरव्ही आणि एक साधी मोटार न्या. आरव्ही दिवसभर मुक्कामावर राहते, सगळे आळीपाळीने मोटारीने फिरतात आणि आजोबांना कंटाळा आला तर ते गाडीत आरामात पडून राहू शकतात.

खर्चाचा हिशेब

रोजचं भाडं हा खर्चाचा फक्त एक भाग असतो. त्यावर मैलांचा दर, जनरेटरचा ताशी दर, भांडी आणि अंथरूण-पांघरुणाचे वेगळे पैसे, साफसफाई, विमा आणि कर चढत जातात. दोन गाड्यांची तुलना करायची असेल तर कागद घ्या, दोन्हीकडे १,००० मैल धरा आणि शेवटच्या बेरजेवर निर्णय घ्या. रोजचा दर कमी असलेली गाडी अशा बेरजेत पुष्कळदा महाग निघते. अशी गाडी एका गॅलनला ८ ते १० मैल जाते, म्हणजे या फेऱ्याला १०० ते १२५ गॅलन पेट्रोल लागेल.

विम्याच्या बाबतीत गृहीत काही धरू नका. क्रेडिट कार्डावर मिळणारं भाड्याच्या गाडीचं संरक्षण आरव्हीला बहुधा लागू नसतं. तुमच्या मोटारीचा विमा लागू आहे का, ते फोन करून विचारा आणि उत्तर ई-मेलवर मागून घ्या. आरव्हीचा विमा घेतलात तरी छताचं आणि गाडीच्या पोटाचं नुकसान त्यातून सहसा वगळलेलं असतं, आणि नवख्या माणसाकडून नेमकं छतच लागतं.

प्रवेशपासात नुकताच मोठा बदल झाला आहे आणि तो थेट आपल्या पाहुण्यांशी संबंधित आहे. २०२६ पासून राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेतल्या रहिवाशांना ८० डॉलरला आणि परदेशी पाहुण्यांना २५० डॉलरला मिळतो. यलोस्टोन आणि ग्रँड टीटन धरून ११ गर्दीच्या उद्यानांत वार्षिक पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज माणशी १०० डॉलर जास्त द्यावे लागतात. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते नाहीत. आई आणि बाबा दोघंही भारतातून आलेले असतील तर आपल्या गाडीतल्या सगळ्यांना कोणता पास पुरेल, हे निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर नीट वाचा. दरवाज्यावर तुमचं लायसन्स आणि त्यांचे पासपोर्ट हाताशी ठेवा.

गाडी ताब्यात घेताना

इथे घाई करायची नाही. मागे दुसरं कुटुंब ताटकळत उभं असलं तरी दीड तास घ्या. एकाने माहिती ऐकायची, दुसऱ्याने सगळं फोनवर चित्रित करायचं. रात्री पंप कुठून चालू होतो हे आठवत नाही तेव्हा तेच चित्रण कामाला येतं. बाहेरून चारी बाजू, छत, टायर आणि पुढची काच यांचे फोटो काढा. मग आत प्रत्येक गोष्ट तुमच्यासमोर चालू करून बघा: पाण्याचा पंप, गरम पाणी, गॅसची शेगडी, हीटर, एसी, फ्रीज, जनरेटर, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. खोली बाहेर सरकवणारी स्लाइड असेल तर ती स्वतः बटण दाबून एकदा आत-बाहेर करा.

सामानात सांडपाण्याचा पाइप, पिण्याच्या पाण्याचा वेगळा पाइप, पाण्याचा दाब कमी करणारा रेग्युलेटर, विजेचा अ‍ॅडॉप्टर आणि चाकाखाली ठेवायचे प्लास्टिकचे ठोकळे आहेत का बघा. ठोकळे क्षुल्लक वाटतात, पण गाडी सपाट उभी नसेल तर गॅसवर चालणारा फ्रीज नीट गार होत नाही, आणि आजी-आजोबांना उतरत्या पलंगावर झोप लागत नाही.

गाडीची उंची फुटा-इंचात विचारा आणि ती जाड अक्षरांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. क्लास सी ११-१२ फूट उंच असते. कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूचं छत, पेट्रोलपंपाचं छप्पर, कॅम्पग्राउंडमधली आडवी फांदी, यांपैकी प्रत्येक ठिकाणी तो आकडा डोळ्यांसमोर हवा.

चालवायला बसल्यावर

पहिली २० मिनिटं एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये घालवा. वळताना मागचा भाग बाहेरच्या बाजूला झाडू मारल्यासारखा फिरतो, तो किती फिरतो हे बाहेर उभं राहून एकदा बघा. उजवं वळण मोठं घ्यावं लागतं. ब्रेक लावल्यावर थांबायला मोटारीपेक्षा पुष्कळ जास्त अंतर लागतं, म्हणून पुढच्या गाडीपासून दूर राहा. हायवेवर ६० ते ६५ मैलांचा वेग पुरे. आयडाहोच्या मोकळ्या सपाटीवर आडवा वारा सुटतो आणि मोठे ट्रक बाजूने जाताना गाडी हलते. तेव्हा वेग कमी करा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. लांब उतारावर खालचा गिअर टाका, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

गाडी मागे घेताना एक माणूस खाली उतरून आरशात दिसेल असा उभा राहायलाच हवा. तो दिसेनासा झाला की थांबायचं. हातांच्या खुणा आधी ठरवून ठेवा. हे काम आजोबांकडे दिलं की त्यांना मनापासून आवडतं, आणि आपल्यापेक्षा जास्त शांतपणे ते करतात.

फोनवरचा नकाशा तुम्हाला मोटार समजतो. या फेऱ्यात दोन रस्ते आरव्हीने टाळायचे. ग्रँड टीटनमधला मूस-विल्सन रोड आरव्हींना बंदच आहे. आणि जॅक्सन गावाहून पश्चिमेला टीटन पासवरून जाणारा वायोमिंग २२ हा १० टक्के चढ-उताराचा रस्ता आहे. नकाशाने जवळचा म्हणून दाखवला तरी नवख्याने जाऊ नये. जॅक्सनहून दक्षिणेला अ‍ॅफ्टन गावावरून बेअर लेककडे जाणारा यूएस ८९ सरळ, देखणा आणि सोपा आहे.

पाणी, संडास आणि वीज

याच भागाची लोकांना सर्वांत धास्ती वाटते, आणि दोन दिवसांत याच गोष्टी हातच्या होतात. गाडीत पाण्याच्या तीन टाक्या असतात. एक ताज्या पाण्याची. दुसरी ग्रे टँक, तिच्यात मोरीचं आणि अंघोळीचं पाणी जातं. तिसरी ब्लॅक टँक, संडासाची. हुकअप नसलेल्या ठिकाणी सहा माणसांना ताजं पाणी आणि ग्रे टँक दोन दिवसांपेक्षा जास्त पुरत नाहीत. म्हणून दोन रात्री बिनहुकअपच्या, मग एक फुल हुकअपची, अशी लय ठेवा. अंघोळी कॅम्पग्राउंडच्या न्हाणीघरात करा. गाडीतला गरम पाण्याचा हंडा सहसा सहा गॅलनचाच असतो. अंग ओलं करून नळ बंद, साबण लावून पुन्हा नळ सुरू, अशी अंघोळ त्यात होते. आपल्याकडे बादलीभर पाण्यात अंघोळ करत वाढलेल्या आजी-आजोबांना हे सांगावं लागत नाही, नातवंडांना सांगावं लागतं.

भांडी घासण्याआधी ताटातलं तेल आणि मसाला कागदाने पुसून घ्या. ग्रे टँकला वास येतो तो त्याचाच, आणि पाणीही अर्धं वाचतं.

टाक्या रिकाम्या करण्याला डम्प करणं म्हणतात. हे काम फक्त ठरलेल्या डम्प स्टेशनवर किंवा फुल हुकअपच्या सांडपाण्याच्या जोडणीवर करायचं. ग्रे टँकचं पाणीही झाडाखाली सोडायचं नाही. पद्धत अशी: रबरी किंवा वापरून टाकायचे हातमोजे घाला. पाइप आधी गाडीला जोडा, वळवून घट्ट बसला का बघा, मग दुसरं टोक जमिनीतल्या भोकात. पहिल्यांदा ब्लॅक टँकचं तोंड उघडणारा दांडा ओढा. आवाज थांबेपर्यंत वाट बघा, दांडा बंद करा, आणि मगच ग्रे टँक सोडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. शेवटी ब्लॅक टँकमध्ये थोडं पाणी आणि वास घालवणारी गोळी टाका.

फुल हुकअपवर असताना ब्लॅक टँकचा दांडा उघडा ठेवून देण्याचा मोह होतो. तसं केलं की पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ तळाला साचून वाळतो. टाकी दोन तृतीयांश भरेपर्यंत दांडा बंदच राहू द्या. आतला दर्शक दिवा फार भरवशाचा नसतो, तेव्हा तोच पाहत बसण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी डम्प करण्याची सवय ठेवा. संडासात आरव्हीसाठीचाच कागद टाका, ओले वाइप्स अजिबात नाहीत. आई-बाबांना धुण्यासाठी पाणी लागतं. त्यासाठी एक छोटा तांब्या किंवा पिळता येणारी बाटली आत ठेवली की प्रश्न मिटतो.

वीज बहुतेक भाड्याच्या गाड्यांत ३० अँपिअरची असते, म्हणजे एकूण ३,६०० वॉट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली एकदम लावली की खटका पडतो. हुकअप नसेल तेव्हा भिंतीतले प्लग जनरेटर लावल्याशिवाय चालत नाहीत, आणि जनरेटर कधी लावायचा याच्या वेळा प्रत्येक कॅम्पग्राउंडने ठरवून दिलेल्या असतात. दिवे, पंप आणि हीटरचा पंखा बॅटरीवर चालतात. संध्याकाळी अनावश्यक दिवे बंद ठेवले तर रात्रभर हीटर पुरतो. आणि हीटर लागतोच: जुलैतही तिथे पहाटे थंडी गोठणबिंदूजवळ जाऊ शकते.

स्वयंपाक

यलोस्टोन सरोवराचा काठ २,३५७ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा ७०० मीटर उंच. तिथे पाणी सुमारे ९२ अंशांवरच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला फार वेळ लागतो आणि भात टचटचीत राहतो. म्हणून छोटा प्रेशर कुकर न्याच, आणि घरी जितक्या शिट्ट्या करता त्याहून दोन जास्त करा. डाळ आणि छोले सकाळी निघतानाच भिजत घाला.

वाटण-घाटण घरीच उरकून न्या. भारतातून आणलेला मिक्सर इथल्या १२० व्होल्टवर तसाही चालत नाही. आलं-लसणाचा गोळा, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, शेंगदाण्याचं कूट, हे सपाट पिशव्यांत गोठवून न्या. पहिले दोन दिवस फ्रीजमध्ये बर्फाचंही काम त्याच करतात. भाजणी, मेतकूट, पिठल्यासाठी बेसन, दशम्या, धपाटे, लाडू, चिवडा एवढं असलं की एखाद्या दिवशी उशीर झाला तरी पंधरा मिनिटांत जेवण होतं. भाजीपाला आणि दूध आयडाहो फॉल्सला भरून घ्या. उद्यानातल्या दुकानांत निवड कमी आणि भाव जास्त असतात.

फोडणी देण्याआधी छतावरची झडप उघडा आणि पंखा लावा. मोहरी-मिरचीच्या धुराने अलार्म वाजतो, आणि तो वाजला म्हणून कुणी काढून ठेवू नये, झोपेत जीव वाचवणारं ते यंत्र आहे. तळण मात्र घरी आल्यावर करा. थंडी घालवण्यासाठी शेगडी पेटवून ठेवण्याचा विचारही मनात आणू नका.

अस्वलांमुळे खाण्याची कुठलीही वस्तू, रिकामं पातेलं, कुकर, थंड पेटी, कचऱ्याची पिशवी, अगदी बाहेरची शेगडीसुद्धा वापर झाल्याबरोबर गाडीत बंद करायची. ताटं धुतलेलं पाणी बाहेर झाडीत फेकायचं नाही. आजीला पक्ष्यांना चार शिते टाकायची सवय असेल तर तिला आधीच प्रेमाने सांगा. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला शेवटी मारावं लागतं, हे कळलं की ती स्वतःच बाकीच्यांवर लक्ष ठेवते.

उद्यानात फिरताना

आरव्हीने उद्यान बघायचं तर पहाट साधायची. मिडवे गायझर बेसिनचं पार्किंग, म्हणजे ग्रँड प्रिझमॅटिकच्या रंगीत कुंडापाशी, सकाळी दहाच्या पुढे मोठ्या गाडीला मिळणं कठीण. सहाला उठून, चहा घेऊन निघा आणि नाश्ता तिथे पोचल्यावर गाडीतच करा. ओल्ड फेथफुलला पार्किंग प्रशस्त आहे, तिथे दुपारी गेलं तरी चालतं. तो साधारण दीड तासाने उसळतो आणि पुढची वेळ फलकावर लिहिलेली असते. मधल्या वेळात गाडीत जेवण, आजोबांची वामकुक्षी. फिशिंग ब्रिजपासून ओल्ड फेथफुल ३८ मैल आहे, पण रस्त्यात गवे (इथले बायसन) आडवे आले तर दोन तासही लागतात. मागे गाड्या साचल्या तर रुंद जागा बघून बाजूला व्हा आणि त्यांना पुढे जाऊ द्या.

गवे आणि हरणांपासून २५ यार्ड, अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड अंतर ठेवायचा नियम आहे. गवा गाईसारखा शांत दिसतो, धावतो मात्र माणसाच्या तिप्पट वेगाने. गरम कुंडांपाशी लाकडी वाट सोडायची नाही. कडेची जमीन पापुद्र्यासारखी पातळ असते आणि खाली उकळतं पाणी. तिथे पाच वर्षांच्या मुलाचा हात एका मोठ्या माणसाच्या हातात असलाच पाहिजे, आणि तो कुणाच्या हे गाडीतून उतरण्याआधी नाव घेऊन ठरवा.

फोनला बऱ्याच भागात रेंज नसते. राष्ट्रीय उद्यानांचं अ‍ॅप आणि नकाशे आधी उतरवून घ्या. आई-बाबांची औषधं नेहमीपेक्षा चार दिवस जास्तीची न्या आणि प्रवास विम्याचे कागद छापून ठेवा. पहिल्या दिवशी उंचीमुळे धाप लागते, डोकं दुखतं. पाणी भरपूर, चालणं थोडं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

मुक्काम हलवताना आणि गाडी परत देताना

दर वेळी निघताना एकाच माणसाने गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायची: विजेची तार काढली, पाइप काढले, पायरी आत, छताच्या झडपा बंद, सावलीची कनात गुंडाळलेली, ठोकळे उचललेले. आत कपाटांच्या आणि फ्रीजच्या कड्या लावलेल्या, गॅस बंद. पेट्रोल भरतानाही गॅस बंदच हवा. ही यादी कागदावर लिहून दारावर चिकटवा आणि मोठ्या मुलीला वाचायला लावा. मुलं यात एकही ओळ सोडत नाहीत.

शेवटच्या सकाळी गार्डन सिटीतच दोन्ही टाक्या रिकाम्या करा, फरशी झाडा, फ्रीज पुसा. सॉल्ट लेकला शिरताना करारात लिहिलंय तितकं पेट्रोल आणि गॅस भरून पावत्या ठेवा. परतीची वेळ अकराची असेल तर दहाला पोचा. उशिराचा दंड तासांवर असतो, आणि आई-बाबांचं सामान दुसऱ्या गाडीत हलवायलाही वेळ लागतो. मैलांचा आकडा, पेट्रोलचा काटा आणि छताचे फोटो पुन्हा काढा, आणि अनामत रक्कम खात्यात परत येईपर्यंत फोनमधून पुसू नका.